शिकायचं कधी?

ग्रंथपालानं आयुष्यभर शिकत राहायला हवं, यावर आमच्या व्यवसायात कुणाचंही दुमत नाही. कुठल्याही परिषदेत उभं राहून हे वाक्य म्हणावं आणि टाळ्या घ्याव्यात. पंचाईत होते ती पुढचा प्रश्न विचारला की. शिकायचं कधी? देवघेवीच्या काउंटरवर बसून? वाचनकक्षाला कुलूप लावल्यावर? रजा टाकून? इथे सभा चुळबुळ करते आणि सूत्रसंचालक आभारप्रदर्शनाकडे वळतात.

मी तालिकीकरण (पुस्तकांच्या नोंदी करणं) आणि संदर्भसेवा (वाचकाला हवी ती माहिती शोधून देणं) अशी दोन्ही टेबलं सांभाळली आहेत, आणि या काळात प्रशिक्षणांचा दुष्काळ कधीच नव्हता. ऑनलाइनचा जमाना आल्यापासून तर पूर आलाय. वेबिनारची लिंक येते. आपण कॅमेरा बंद ठेवून हजेरी लावतो. पडद्यावर वक्ता मेटाडेटाबद्दल, म्हणजे पुस्तकाविषयीच्या माहितीबद्दल, बोलत असतो आणि समोर वाचक पुस्तक परत करायला उभा असतो. त्याचं पुस्तक जमा करून घ्यायचं, मध्येच 'आवाज येतोय ना?' या प्रश्नाला चॅटमध्ये 'हो' टाकायचं, शेवटी अभिप्रायाचा अर्ज भरायचा. अर्ज पाठवला की प्रमाणपत्र आपसूक ईमेलवर येऊन पडतं. वक्त्याचा यात काही दोष नाही. अनेकदा विषय उत्तम असतो, माणूस जाणकार असतो. पण ज्या तासाभरात ते शिकायचं, तो तास आपल्याला कुणी दिलेलाच नसतो. तो आपण काउंटरवरून चोरलेला असतो, आणि चोरीच्या तासात माणूस एक कान दाराकडे ठेवूनच ऐकतो.

आमचं ज्ञान शिळं कसं होतं, हे बाहेरच्या माणसाच्या चटकन ध्यानात येत नाही. पुस्तकं तर जागच्या जागी असतात. मग ग्रंथपालाला नवीन शिकायचं तरी काय? एक उदाहरण अगदी जवळून दाखवते.

तालिकेतल्या नोंदी कशा करायच्या याचे नियम असतात. अँग्लो-अमेरिकन तालिका संहितेची दुसरी आवृत्ती १९७८मध्ये आली आणि पुढची तीसेक वर्षं जगभरातल्या तालिकाकारांच्या हातांना तिनं वळण लावलं. तिच्यात तीनाचा नियम होता. पुस्तकाचे लेखक तीनपर्यंत असतील तर सगळ्यांची नावं द्यायची; चार किंवा जास्त असले तर पहिल्याचं नाव देऊन पुढे चौकटी कंसात 'एट अल.' (आणि इतर) लिहायचं आणि बाकीच्यांना निरोप द्यायचा. तालिका पत्राच्या इवल्याशा जागेत ते शहाणपणाचंच होतं. प्रकाशनस्थळ कळत नसेल तर 'एस. एल.', प्रकाशक कळत नसेल तर 'एस. एन.'. ही लॅटिन लघुरूपं एकाही वाचकाला कधी कळली असतील असं मला वाटत नाही, पण आम्ही ती मोठ्या तोऱ्यात लिहायचो. २०१०मध्ये आरडीए हे नवे नियम आले, लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ते ३१ मार्च २०१३पासून लागू केले आणि हे सगळं बदललं. सहा लेखक आहेत? सहाही द्या, जागेला काय तोटा आहे! लॅटिन काढा, 'प्रकाशनस्थळ ज्ञात नाही' असं सरळ लिहा. शीर्षकाला चिकटवलेला 'इलेक्ट्रॉनिक रिसोर्स' हा शिक्का काढून तीच माहिती संगणकीय नोंदीतल्या ३३६, ३३७ आणि ३३८ या तीन क्षेत्रांत, म्हणजे रकान्यांत, विभागून द्या. प्रकाशनाचा तपशील २६० ऐवजी २६४मध्ये.

हे बदल समजायला दोन दिवसांची कार्यशाळा पुरते. हातांना लागायला मात्र कित्येक महिने लागतात. अनुभवी तालिकाकाराला नियम आठवावे लागत नाहीत, ते त्याच्या बोटांत असतात. चौथा लेखक दिसला की बोटं आपोआप चौकटी कंसाकडे जातात. नवशिक्याला ही अडचण नसते. म्हणून अशा बदलाच्या वेळी सगळ्यात जास्त आधार लागतो तो सगळ्यात जुन्या माणसाला, आणि नेमकं त्यालाच 'तुम्हाला काय शिकवायचं, तुम्ही तर सीनियर' म्हणून वगळलं जातं.

बरं, नवीन आलं म्हणून जुनं विसरून चालतं असंही नाही. २०१३पूर्वीच्या लाखो नोंदी जुन्याच नियमांनी तालिकेत बसलेल्या आहेत. ज्याला फक्त नवे नियम येतात, तो चौथ्या लेखकाच्या नावानं शोधतो, पुस्तक सापडत नाही आणि वाचकाला 'आपल्याकडे नाही' असं सांगून मोकळा होतो. पुस्तक मात्र मांडणीवर असतं. चौथा लेखक तेवढा 'एट अल.'च्या पोटात गेलेला असतो. आमच्या धंद्यात नवं शिकणं म्हणजे जुन्याच्या शेजारी नवं मांडणं, आणि कुठल्या काळातली नोंद कुठल्या चष्म्यातून वाचायची हे ओळखणं. अभ्यासक्रम आखणाऱ्यांना हे फारसं सुचत नाही. त्यांच्या वेळापत्रकात कालची गोष्ट 'कालबाह्य' या मथळ्याखाली जाते.

वर्गीकरणाचंही तेच. पुस्तकांना विषयानुसार आकडे देणाऱ्या ड्युई दशांश पद्धतीत संगणकाची पुस्तकं एकेकाळी ००१.६४ या आकड्याखाली जायची. विषय इतका फोफावला की त्याला ००४ ते ००६ अशी ऐसपैस जागा द्यावी लागली. १९८९च्या विसाव्या आवृत्तीत ती पक्की झाली. हे कळायला पाच मिनिटं लागतात. पण मांडणीवरच्या प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावरचं लेबल खरवडून नवं चिकटवायला? अनेक ग्रंथालयांनी नवी पुस्तकं नव्या आकड्यावर आणि जुनी जुन्यावर, असा संसार वर्षानुवर्षं चालवला. शिकलेलं अमलात आणायला मनुष्यबळ लागतं, हे प्रशिक्षणाच्या पत्रिकेवर कुठेच छापलेलं नसतं.

आणखी एक बदल झालाय, त्याची चर्चा फारशी होत नाही. पूर्वी आवृत्त्या निघायच्या. आवृत्ती हे शिकण्याचं निमित्त होतं. नवे खंड यायचे, जाड पुठ्ठ्यांचे, कोऱ्या कागदाच्या वासाचे. त्यांच्याभोवती सगळे जमायचे, काय बदललं याची टिपणं निघायची. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या द्विबिंदू वर्गीकरणाची पहिली आवृत्ती १९३३ची, सहावी १९६०ची. गणिताचा हा प्राध्यापक १९२४मध्ये ग्रंथपाल झाला, लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून आला आणि पुढे स्वतःचीच पद्धत पुन्हापुन्हा मोडून बांधत राहिला. ज्यांनी आधीच्या आवृत्तीवरून आकडे घातले होते ते प्रत्येक वेळी वैतागले असणार, मला त्यांच्याबद्दल पूर्ण सहानुभूती आहे. पण निदान आवृत्ती आली हे कळायचं तरी. ड्युईची तेविसावी आवृत्ती २०११मध्ये छापून आली. आता बदल वेबड्युईत, म्हणजे तिच्या ऑनलाइन रूपात, सतत होत असतात. आज एक आकडा, पुढच्या महिन्यात एखादी टीप. हे अद्ययावत आहे, यात शंका नाही. पण ज्या दिवशी सगळ्यांनी खुर्च्या ओढून बसावं असा दिवसच उरला नाही. बदल ठिबकत येतो आणि ठिबकत्या बदलासाठी कुणी कार्यशाळा भरवत नाही.

संदर्भसेवेच्या टेबलावर अज्ञानाची किंमत जास्त चढी असते. २००१ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यासंबंधीच्या एका प्रयोगात हेक्सामेथोनियम हे रसायन श्वासावाटे दिल्यानंतर २४ वर्षांच्या एका निरोगी स्वयंसेविकेचा मृत्यू झाला. प्रयोगाआधी वाङ्मयशोध झाला होता. पण पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत, तेव्हा १९६६पासूनचं साहित्य होतं, आणि या रसायनामुळे फुप्फुसांना होणाऱ्या इजेची माहिती १९५०च्या दशकातल्या लेखांत होती. त्या मृत्यूमागे एवढं एकच कारण होतं असं कुणी म्हणणार नाही. तरीही वैद्यकीय ग्रंथपालांना ही घटना अजून टोचते, कारण कुठला स्रोत कुठवर पोचतो आणि कुठे थांबतो हे सांगणं हे आमचंच काम.

आता यातली मेख बघा. 'पबमेड १९६६पासून सुरू होतं' हे वाक्य ज्यानं तेव्हा पाठ केलं, त्याची माहिती आज चुकीची आहे. नंतर जुन्या छापील सूचींतला मजकूर त्यात भरला गेला आणि ते १९४०च्या दशकापर्यंत मागे गेलं. कुंपण हललं. त्यातली विषयशीर्षकं, ज्यांना मेश म्हणतात, ती तर दर वर्षी बदलतात. २०२०मध्ये पबमेडचा सगळा चेहराच पालटला. म्हणजे कुंपण कुठे आहे हे पाठ करून भागत नाही. ते कुठे छापलेलं असतं आणि अधूनमधून कसं तपासायचं, ही सवय लागावी लागते.

आणि इथेच डेटाबेस विकणाऱ्या कंपन्यांच्या फुकट प्रशिक्षणाबद्दल माझी तक्रार आहे. ती बटणं शिकवतात. इथे क्लिक करा, इथे गाळणी लावा, इथून निर्यात करा. सहा महिन्यांनी बटण उजवीकडून डावीकडे जातं की पुन्हा नवा वेबिनार. आपल्या डेटाबेसमध्ये काय नाही, हे कुठला विक्रेता सांगणार? ते ज्याचं त्यानं शोधायचं. 'आणि', 'किंवा', 'वगळून' यांचं तर्कशास्त्र, नियंत्रित शब्दावली (ठरवून दिलेले विषयशब्द) आणि मोकळे शब्द यांतला फरक, निकालांचा क्रम कशावरून लागतो याची जाण, एवढं पक्कं असेल तर बटण कुठेही गेलं तरी घोडं अडत नाही. ते पक्कं नसेल तर बटणांच्या कितीही वर्गांना बसा.

२०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून संदर्भ टेबलावर एक नवाच प्रकार सुरू झालाय. वाचक येतो, हातात चॅटजीपीटीनं दिलेली संदर्भांची यादी. म्हणतो, "मॅडम, यातला हा लेख कुठेच मिळत नाही, तुम्ही काढून द्या." यादी बघावी तर नीटनेटकी. नियतकालिक खरं आहे. लेखिका खरी आहे आणि त्याच विषयावर लिहिणारी आहे. खंड आहे, अंक आहे, पृष्ठांक आहेत, डीओआयसुद्धा (लेखाचा ऑनलाइन ओळखक्रमांक) आहे. मग तो अंक उघडायचा. दिलेल्या पानांवर तिसऱ्याच माणसाचा, तिसऱ्याच विषयावरचा लेख. डीओआय टाकावा तर तो कुठेच जात नाही, किंवा जातो तो रसायनशास्त्रातल्या कुठल्यातरी निबंधाकडे. लेखिकेची प्रकाशनसूची काढून बघायची. तिच्यात जवळपासचं शीर्षक असतं, पण हे नसतं. एवढं झाल्यावर वाचकाला सांगायचं की हा लेख कुणी लिहिलेलाच नाही. त्याचा विश्वास बसत नाही. ग्रंथालयाकडे वर्गणी नसणार, असं त्याला वाटतं.

आम्हाला आयुष्यभर शिकवलं गेलं ते असलेली गोष्ट शोधायला. नसलेली गोष्ट नाही हे दाखवून द्यायला वेगळी शिस्त लागते आणि वेळही जास्त लागतो. ही शिस्त माझ्या पदवीच्या अभ्यासक्रमात असणं शक्यच नव्हतं. ती आम्ही एकमेकांच्या टेबलाशी उभं राहून शिकलो. 'तुझ्याकडे आला का असला?' 'हो, मी आधी अंकच उघडते, डीओआय नंतर.' या दोन वाक्यांत जे मिळालं ते मला कुठल्या प्रमाणपत्रात मिळालं नाही. पण वार्षिक अहवालात 'व्यावसायिक विकास' या सदराखाली ही दोन वाक्यं लिहायची सोय नाही.

मोजदादीला माझा सरसकट विरोध नाही. न्यूयॉर्क राज्यात १ जानेवारी २०१०पासून प्रमाणपत्र घेतलेल्या सार्वजनिक ग्रंथपालांना दर ५ वर्षांत ६० तासांचं शिक्षण पूर्ण करावं लागतं. सक्ती असली की वरिष्ठांना 'सोडा हिला दोन दिवस' असं ठणकावून सांगता येतं, हा तिचा मोठाच फायदा. न्यूझीलंडच्या ग्रंथालय संघटनेनं २००७मध्ये व्यावसायिक नोंदणी सुरू केली, तेव्हा त्यात शिकलेल्याची रोजनिशी ठेवण्याची अट घातली. काय शिकलात आणि कामात काय बदललं, ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं. तास मोजण्यापेक्षा हे मला बरं वाटतं. अर्थात रोजनिशीही रात्री बसून एकदम भरता येते. माणूस हुशार प्राणी आहे.

मला मनापासून आवडलेला प्रयोग मात्र २००६चा. अमेरिकेतल्या शार्लट आणि मेक्लेनबर्ग परगण्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलेन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी '२३ गोष्टी' नावाचा कार्यक्रम आखला. वक्ता नाही, वर्ग नाही. तेवीस छोटी कामं: ब्लॉग उघडा, छायाचित्रं चढवून बघा, विकीत एखादी ओळ घाला. ज्यानं त्यानं आपल्या गतीनं करायची, अडलं तर शेजारच्याला विचारायचं आणि काय झालं ते आपल्या ब्लॉगवर लिहायचं. पूर्ण करणाऱ्याला एमपीथ्री प्लेयर बक्षीस. खेळत शिका, असा एकूण बाज. आराखडा खुल्या परवान्यावर दिल्यामुळे जगभरच्या ग्रंथालयांनी तो उचलला. पुढे ऑस्ट्रेलियात संशोधन डेटासाठीही '२३ गोष्टी' निघाल्या. त्यातली अवजारं आज बहुतेक मोडीत निघाली आहेत. पण सफाईवाल्यापासून मुख्य ग्रंथपालापर्यंत कुणीही त्यात उतरू शकत होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

कारण एरवी प्रशिक्षणाला कोण जातं ते बघा. १९२३मध्ये चार्ल्स विल्यमसन यांनी कार्नेगी कॉर्पोरेशनसाठी ग्रंथालय प्रशिक्षणावर जो अहवाल लिहिला, त्यात व्यावसायिक काम आणि कारकुनी काम यांच्यात ठळक रेघ ओढली. शिक्षण विद्यापीठात नेण्यासाठी तेव्हा ती गरजेची असेलही. पण ती रेघ आजही आमच्या रजेच्या अर्जांवर दिसते. परिषदेला साहेब जातात. ज्याच्यासमोर वाचक उभा राहतो तो सहायक मागे राहतो, कारण तो गेला तर काउंटर कोण बघणार? आणि साहेब परत येऊन पिशवी, पेन आणि स्मरणिका टेबलावर ठेवतात. आमच्याकडच्या एका सहायकाला ओपनरिफाइन हे मोफत सॉफ्टवेअर कुणीतरी दाखवलं. पठ्ठ्यानं प्रकाशकांच्या नावांचा सगळा तक्ता त्यात घातला. एकाच प्रकाशकाचं नाव कुठे पूर्णविरामासह, कुठे 'आणि कंपनी' जोडून, कुठे मध्ये दोन जागा सोडून, असं नाना रूपांत पडलेलं होतं. सारखी दिसणारी नावं ते सॉफ्टवेअर गटागटानं पुढे करतं. गट बघायचा, खरंच एकच आहे ना याची खात्री करायची आणि जोडायचं. खात्री करणं महत्त्वाचं, कारण बापाची कंपनी आणि मुलानं वेगळी काढलेली कंपनी यांत कधीकधी एकाच अक्षराचा फरक असतो, आणि तो संगणकाला कळत नाही. या सहायकाला कळत होता, कारण बिलं त्याच्याच हाताखालून जायची. त्याच्याकडे ग्रंथालयशास्त्राची पदवी नाही.

आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघानं, म्हणजे इफ्लानं, २०१६मध्ये निरंतर व्यावसायिक शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. सुरुवातीलाच म्हटलंय की शिकत राहण्याची पहिली जबाबदारी ज्याची त्याची. हे वाक्य सगळ्या संस्थांना तोंडपाठ असतं. त्याच दस्तऐवजात पुढे असंही आहे, की संस्थेच्या अंदाजपत्रकातला किमान अर्धा ते एक टक्का कर्मचाऱ्यांच्या शिक्षणासाठी राखावा आणि कामाच्या तासांपैकी सुमारे १० टक्के तास शिकायला द्यावेत. हे वाक्य मात्र फारसं कुणाच्या कानावर आलेलं नसतं. चाळीस तासांच्या आठवड्यात १० टक्के म्हणजे चार तास. दर आठवड्याला अर्धा दिवस! कुठल्याही ग्रंथालयात हे मोठ्यानं वाचून दाखवा, लोक हसतात.

आम्ही त्यातला एक तास मिळवला आहे. वाचकांची वर्दळ नसते अशी एक सकाळ धरली, काउंटरवर पाळीपाळीनं एक जण थांबतो आणि बाकीचे बसतात. नियम एकच: ज्यानं त्यानं आपल्या टेबलावर अडलेलं काहीतरी आणायचं. न सापडलेला लेख, न जुळणारी नोंद, वाचकानं विचारलेला आणि टोलवलेला प्रश्न. कधीकधी काहीच निघत नाही आणि गप्पा होतात. वरून विचारणा झाली की याची फलनिष्पत्ती काय, तेव्हा आम्ही अडलेल्या प्रश्नांची यादीच जोडली. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही, पण तास चालू आहे.

हे आम्हाला जमलं, कारण आम्ही चारचौघं आहोत. जिथे एकच माणूस कुलूप उघडतो, वर्तमानपत्रं लावतो, देवघेव करतो, नोंदी घालतो आणि कुलूप लावतो, अशी ग्रंथालयं जगात कमी नाहीत. शाळांची, दवाखान्यांची, छोट्या कार्यालयांची. त्याला सगळ्यात जास्त शिकायचं असतं, कारण त्याला विचारायला शेजारी कुणी नसतं. त्याच्यासाठी शिष्यवृत्त्या आहेत. नोंदणी शुल्क मिळतं, प्रवासखर्च मिळतो, राहायची सोयही होते. ते दोन दिवस त्याच्या खुर्चीत बसणाऱ्या बदली माणसाचा पगार मात्र कुणी देत नाही. मी अशा अर्जांचे नमुने चाळले आहेत. त्यात त्यासाठी रकानाच नसतो.